अंगण खरंच वाकडं असेल तर?

पत्र

दादा, मी आणि माझा धाकटा भाऊ मारामारीचे गेम खेळत मोठे झालो. घरात दोन कंट्रोलर होते, त्यातल्या एकाचं बटण अडकायचं आणि तो कायम त्याच्या वाट्याला यायचा, कारण मी मोठी. आता तो दुसऱ्या शहरात असतो. पुन्हा खेळू म्हणून दोघांनी आपापल्या कन्सोलवर 'स्ट्रीट फायटर ६' घेतला. महिना झाला. मी ल्यूक हे पात्र घेते, सोप्या बटणांच्या मॉडर्न कंट्रोलवर. तो केन, जुन्या पद्धतीच्या क्लासिकवर. रोजचं ठरलेलं आहे: तो मला कोपऱ्यात नेतो, धरून आपटतो, मी उठते, परत आपटतो. आपटणार म्हणून मी काही करायला गेले की मागे सरकून सणसणीत मारतो. मी म्हणते गेममध्येच खोट आहे. तो म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. वर मॉडर्न कंट्रोल म्हणजे रडीचा डाव, असंही ऐकवतो. परीक्षणं वाचली तर सगळीकडे कौतुक. मला एकटीने खेळायचा 'वर्ल्ड टूर' मोडसुद्धा रटाळ वाटला. त्यापेक्षा टेक्केन ८ हा दुसरा मारामारीचा गेम घेऊ का? आणि खोट गेममध्ये आहे की आपल्यात, हे ठरवायचं तरी कसं?

— कोपऱ्यात अडकलेली

उत्तर

एवढी एक ओळ आधी भावाला वाचून दाखव: अंगण थोडं वाकडं आहे.

कोपऱ्यात थ्रो, म्हणजे तू लिहिलेलं ते धरून आपटणं, लागला की मारणारा तिथल्या तिथे दुसऱ्या थ्रोच्या अंतरावर उभा राहतो, ही तक्रार तुझी एकटीची नाही. स्पर्धेत खेळणारे मुरलेले लोकही ती करत आलेत. तेव्हा तू काही मनाचे खेळ करत नाहीयेस. आता भावाची बाजू. महिनाभरात तू जितक्या मॅच हरलीस त्या सगळ्या या एका खोटीपायी हरली नाहीस. त्यातल्या किती खोटीपायी गेल्या ते मला इथे बसून सांगता येणार नाही, पण तुला एका संध्याकाळी काढता येईल. तिकडे येतोच, आधी तो थ्रो जरा जवळून बघू.

गेम सेकंदाला ६० फ्रेमनी, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. थ्रो सुरू व्हायला ५ फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. डोळ्यांना काही दिसून बोट हलायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. पकडल्यावर सुटायला अजून थोड्या फ्रेम मिळतात, पण त्या धरूनही 'बघितला आणि सोडवला' हा प्रकार भरवशाचा नाही. थ्रो येणार हे आधी ओळखावं लागतं.

आता तू कोपऱ्यात उठते आहेस आणि केन समोर उभा आहे. नुसता ब्लॉक धरलास तर थ्रो बसतो. तू थ्रोचं बटण दाबलंस आणि त्यानेही थ्रोच मारला, तर दोघं सुटता. पण तो अर्धं पाऊल मागे गेला असेल तर तुझे हात हवेत राहतात आणि तुला 'पनिश काउंटर', म्हणजे फसलेल्या डावावरचा जादा मार बसतो. तू लिहिलेलं 'मागे सरकून सणसणीत मारतो' ते हेच. खेळणारे त्याला 'शिमी' म्हणतात. उडी मारलीस तर थ्रोमधून सुटतेस, पण त्याने साधी लाथ घातली असेल तर हवेत खातेस. ल्यूकचा 'रायझिंग अपरकट' ओव्हरड्राइव्हने, म्हणजे जास्त जोरकस रूपात मारलास तर थ्रोही फाटतो आणि लाथही, पण तो नुसता ब्लॉक धरून बसला असेल तर तू हवेतून खाली येईपर्यंत त्याला कोणता कॉम्बो (एकाला एक जोडलेले मार) मारावा याचा विचार करायला वेळ आहे.

प्रत्येक डावाला प्रतिडाव आहे. दगड-कागद-कात्री म्हण हवं तर. एका थ्रोने आयुष्याची पट्टी साधारण १२ टक्के उतरते, म्हणजे एकटा थ्रो जीवघेणा नाही. मग खोट कुठे आहे? ती बक्षिसात आहे. तुझा अंदाज बरोबर आला तर बहुतेक वेळा तू फक्त सुटतेस. त्याचा बरोबर आला तर तुझी पट्टी उतरते आणि तू पुन्हा त्याच कोपऱ्यात, त्याच प्रश्नासमोर उठतेस. फासे दोघांना सारखे, जिंकल्यावर मिळणारं वेगळं. मधल्या मैदानात थ्रो मारला की मारणाऱ्याला पुन्हा चालून यावं लागतं, तेवढ्यात तुला श्वास मिळतो. कोपरा तो श्वास काढून घेतो, आणि केन समोरच्याला कोपऱ्यात नेण्यात पटाईत आहे.

हे असंच असायला हवं, असं म्हणणारेही आहेत. कोपऱ्यात जाईपर्यंत तू मैदान सोडत गेलीस, त्याची किंमत मोजावीच लागणार, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा वाईट नाही, पण मला तो पुरा पटत नाही. कोपऱ्याची किंमत असावी, पण ती सलग तीन वेळा तीच नाणेफेक करून वसूल करू नये. मी याला गेमची खोट म्हणतो. मधल्या आकाराची.

एक शंका मात्र विचारतो. उठताना तू पॅरी धरून ठेवतेस का? नव्या खेळाडूंना ड्राइव्ह पॅरी म्हणजे छत्री वाटते, कारण एक बटण दाबून ठेवलं की वरून, खालून येणारे सगळे मार अडतात. थ्रो अडत नाही. उलट पॅरी धरलेली असताना बसलेला थ्रो पनिश काउंटर धरला जातो आणि नेहमीपेक्षा बराच जास्त लागतो. तुझ्या हरण्यातल्या निम्म्या थ्रोंमागे हे निघालं तर मला नवल वाटणार नाही.

आता ती संध्याकाळ. भावाशी हरलेल्या शेवटच्या १० मॅचचे रिप्ले काढ. जिंकलेले नकोत, जिंकलेल्या मॅचमध्ये आपण स्वतःला फार आवडतो. प्रत्येक मॅचच्या निर्णायक राउंडमध्ये पारडं कुठे फिरलं तो क्षण शोध आणि कागदावर तीन रकाने पाड. 'काय झालं तेच कळलं नाही' ते पहिल्या रकान्यात. 'कळलं, उपायही माहीत होता, हात पोचला नाही' ते दुसऱ्यात. 'कळलं, उपाय केला, तरी पटणार नाही असा मार बसला' ते तिसऱ्यात. रिप्लेमध्ये फ्रेम मीटर चालू कर. खाली रंगीत चौकटींची पट्टी येते, त्यावर कोण आधी मोकळं झालं ते दिसतं. भावाची एखादी लाथ ब्लॉक केल्यावर तुझा नंबर होता आणि तू गप्प बसलीस, असं चार ठिकाणी तरी सापडेल.

पहिला रकाना भरला तर प्रश्न असा की गेमने तुला ते शिकवायचा प्रयत्न केला होता का. दुसरा भरला तर सराव हवा, त्यात गेमचा दोष नाही (याला एक अपवाद आहे, पुढे सांगतो). गेमवर खटला फक्त तिसऱ्या रकान्यावर चालवायचा. मारामारीचा गेम जोखायची माझी हीच पद्धत आहे. जिंकताना सगळेच गेम छान वाटतात, ग्राफिक्स कसे आहेत ते पाच मिनिटांत कळतं, कॅरेक्टर किती आहेत ते जाहिरातीतच लिहिलेलं असतं. हरल्यावर गेम तुला काय दाखवतो हे कळायला हरावंच लागतं, आणि परीक्षण लिहिणाऱ्याला कंपनीने दिलेल्या मुदतीत एवढं हरायला सवड नसते.

या कसोटीवर पहिल्या रकान्याच्या बाबतीत स्ट्रीट फायटर ६ फारच उजवा आहे. त्याचा ट्रेनिंग मोड ही माझ्या मते या गेमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, आणि परीक्षणांत तिच्यासाठी जेमतेम दोन ओळी असतात. फ्रेम मीटर आहे, प्रत्येक कॅरेक्टरचे वेगळे धडे आहेत, कॉम्बोच्या चाचण्या आहेत. टेक्केन ७ ने २०१९ मध्ये फ्रेमची माहिती पडद्यावर दाखवायची सोय वेगळे पैसे घेऊन विकली होती, हे आठवलं की अजून हसू येतं. रस्ता तुमचा, पाटी विकत घ्या.

दुसऱ्या रकान्याचा अपवाद आता सांगतो. हात पोचला नाही, पण तो कुणामुळे पोचला नाही? मी एकदा एका गेमला महिनोन् महिने शिव्या घातल्या. उडी मारून येणाऱ्याला खालून मारायचं, हे मला वीस वर्षं जमत होतं आणि त्या गेममध्ये जमेना. भेटेल त्याला सांगितलं की याचे कंट्रोल मंद आहेत. मग घरी आलेल्या एका मित्राने टीव्हीच्या मेनूत जाऊन 'गेम मोड' सुरू केला. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही प्रत्येक फ्रेम थोडी अडवून ठेवत होता. ५० मिलिसेकंद म्हणजे ३ फ्रेम, आणि या खेळात ३ फ्रेम म्हणजे ब्लॉक आणि मार यांमधलं अंतर. त्या गेमची मी जाहीर माफी मागितलेली नाही, पण मागायला हवी. तू आज पहिल्यांदा टीव्हीचा मेनू उघड.

तीच गोष्ट ऑनलाइनची. भाऊ दुसऱ्या शहरात असल्यामुळे तुमच्यासाठी हा मुद्दा कॅरेक्टर, मोड, कथा या सगळ्याच्या वर आहे. जुनी पद्धत अशी होती की तुझं बटण आणि त्याचं बटण दोन्ही येईपर्यंत गेम थांबायचा. जोडणी अडखळली की गेम चिखलातून चालल्यासारखा व्हायचा. रोलबॅक पद्धतीत गेम थांबत नाही. तो भावाचं बटण अंदाजाने धरून पुढे जातो आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन चित्र दुरुस्त करतो. चांगलं जमवलेलं असेल तर तुला कधीमधी एखादी झटक्यासारखी हालचाल दिसते, एवढंच. टोनी कॅनन या खेळवेड्या प्रोग्रामरने 'जीजीपीओ' नावाने ही पद्धत २००० च्या दशकातच तयार केली होती, तरी मोठ्या कंपन्यांना ती पचायला बरीच वर्षं लागली. ड्रॅगन बॉल फायटरझी जानेवारी २०१८ मध्ये आला आणि त्यात रोलबॅक आलं २०२४ मध्ये. इतका देखणा गेम, आणि सहा वर्षं लोक तो दूरच्या मित्राशी खेळताना दात-ओठ खात होते. स्ट्रीट फायटर ६ मध्ये रोलबॅक पहिल्या दिवसापासून आहे आणि उत्तम चालतं, शिवाय वेगवेगळ्या कन्सोलवरचे आणि पीसीवरचे खेळाडू एकमेकांशी खेळू शकतात. फक्त तुम्ही दोघं वायफायवर असाल तर आधी केबल लावा. वायफायच्या झटक्यांपुढे रोलबॅकसुद्धा हात टेकतं.

मॉडर्न कंट्रोलबद्दल भावाचं म्हणणं मला साफ अमान्य आहे. तुला स्पेशल मूव्ह एका बटणावर मिळतात, पण शॉर्टकटने मारलेल्या स्पेशलची इजा २० टक्के कमी होते आणि साध्या लाथा-बुक्क्यांपैकी कितीतरी तुला मिळतच नाहीत. त्याला सगळ्या मिळतात. तो उडी मारून आला की तू एका बटणात अपरकट मारू शकतेस आणि त्याला आधी काडी फिरवावी लागते, हा तुझा फायदा खराच. पण त्याचे पैसे तू आधीच भरलेले आहेत. गेम काढणाऱ्या कॅपकॉमच्या अधिकृत स्पर्धांमध्येही मॉडर्न चालतं. रडीचा डाव म्हणणाऱ्याला विचार, उड्या मारून येणं तू इतक्यात कमी का केलंस रे?

मॉडर्नमधली खरी उणीव दुसरीकडे आहे, आणि ती तुलाही उमजली नसेल. 'असिस्ट' धरून एकच बटण दाबत राहिलं की आपोआप कॉम्बो येतो. त्याने तुझी ड्राइव्हची पट्टीही आपोआप रिकामी होऊ शकते, कधी ते तुझ्या लक्षातही येत नाही. आणि ही पट्टी हेच या गेमचं काळीज आहे.

सहा खणांची ती पट्टी राउंडच्या सुरुवातीला दोघांची भरलेली असते. हे लहानसं वाटतं, पण जुन्या गेममध्ये मार खात किंवा मारत पट्टी भरायची आणि मग मजा सुरू व्हायची. इथे पहिल्या सेकंदाला सगळी हत्यारं हातात असतात आणि प्रश्न असतो खर्चाचा. ड्राइव्ह इम्पॅक्टला एक खण लागतो. ओव्हरड्राइव्ह मूव्हला दोन. मारता मारता ड्राइव्ह रश करायचा, म्हणजे झपाट्याने पुढे घुसायचं, तर तीन. उधळपट्टी करून सगळे खण संपले की 'बर्नआउट' होतं: रंग उडतो, ही हत्यारं बंद होतात, ब्लॉक केलेल्या स्पेशलनीही आयुष्य झिजतं, आणि कोपऱ्यात अशा अवस्थेत ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक केलास तरी भोवळ येते. महिनाअखेरीला खिसा रिकामा असताना पाहुणे यावेत तसं. यामुळे प्रत्येक राउंडला एक गोष्ट मिळते. कोण उधळलं, कोणी राखून ठेवलं, कोणी दुसऱ्याला उधळायला लावलं. गेल्या काही वर्षांत या प्रकारच्या गेममध्ये मला यापेक्षा चांगली कल्पना दिसलेली नाही.

पहिल्या आठवड्यात तुला ड्राइव्ह इम्पॅक्टनेही रडवलं असणार. रंगांचा फराटा उडवत येणारा तो मार दोन घाव अंगावर घेऊन पुढे येतो. पण सुरू व्हायला त्याला २६ फ्रेम लागतात, म्हणजे जवळपास ४३३ मिलिसेकंद. तुझ्या हाताला लागतात २५०. तो बघून आपणही ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायचा, आणि समोरचा आपटतो. म्हणजे जी गोष्ट तुला पहिल्या आठवड्यात खोट वाटली असेल ती चौथ्या आठवड्यात खोट राहत नाही. थ्रोचं तसं नाही. तो चौथ्या वर्षीसुद्धा ५ फ्रेमचाच राहणार. दुसरा आणि तिसरा रकाना मी वेगळा का काढायला सांगितला ते यावरून बघ.

याच पट्टीतून गेमची दुसरी खोटही निघते. ड्राइव्ह रशमधून येणाऱ्या साध्या मारांना ४ फ्रेमचा वरचढपणा मिळतो, आणि ही सोय सगळ्यांना आहे. त्यामुळे दुरून मारणारा असो की जवळ येऊन कुस्ती करणारा, थोडे वरच्या पातळीवर गेलं की बरेच जण हिरव्या झोतात घसरत आत येतात आणि नंतर काय करायचं तेही एकमेकांसारखं. कॅरेक्टर वेगळे, चाल एक. तुला हे अजून टोचणार नाही, भावाला काही महिन्यांनी टोचेल.

आणि एक गैरसमज. केन भारी आहे, ल्यूक हलका आहे, म्हणून गेम वाईट, असं म्हणायच्या फंदात पडू नकोस. कॅरेक्टर समतोल नसणं ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत पोकळ टीका आहे. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २' हा २००० सालचा गेम घे. त्यात ५६ कॅरेक्टर, आणि मोठ्या स्पर्धांत कायम मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल, केबल आणि आणखी दोन-चार. बाकीचे शोभेला. तरी लोक तो वर्षानुवर्षं खेळत राहिले, कारण त्या मूठभरांच्या आपापसातल्या लढाईला तळ सापडत नव्हता. उलट कॉम्बो ही गोष्टच मुळात कुणी योजलेली नव्हती. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ वर काम चालू असताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना गाडी फोडायच्या बोनस फेरीत दिसलं की वेळ साधली तर एका घावाला जोडून दुसरा बसतो. ते काढून न टाकता तसंच राहू दिलं गेलं. तेव्हा तिसऱ्या रकान्यात काही लिहिताना स्वतःला विचार: यामुळे खेळायच्या गोष्टी वाढतात की कमी होतात? कोपऱ्यातल्या थ्रोने कमी होतात, म्हणून तो त्या रकान्यात राहू दे.

वर्ल्ड टूरबद्दल तुझं बरोबर आहे. आपलं पात्र बनवायची मौज दोन तास टिकते, मग गल्लीबोळातल्या त्याच त्या गुंडांना मारत लेव्हल वाढवत बसावं लागतं. डोक्यावर खोकं घातलेले गुंड पहिल्यांदा गमतीचे वाटतात, चाळिसाव्यांदा नाही. कथा हवी असेल तर या गेमकडे जाऊच नये. त्यातून हळूहळू शिकायला मिळतं हे मान्य, पण तुझ्यासमोर घरचाच मास्तर आहे.

मग परीक्षणांत कौतुक का? एक तर बरंचसं कौतुक योग्यच आहे. दुसरं म्हणजे परीक्षण त्या आठवड्याच्या गेमचं असतं. आधीचा स्ट्रीट फायटर ५ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात साधा आर्केड मोडसुद्धा (एकट्याने एकामागून एक लढती) नव्हता. तो मिळायला जानेवारी २०१८ उजाडला. पहिल्या आठवड्यात त्याला अर्धवट म्हणणारे बरोबर होते आणि दोन वर्षांनी धडधाकट म्हणणारेही. टेक्केन ८ ची गंमत उलटी. तो जानेवारी २०२४ मध्ये आला, वाहवा झाली, आणि महिनाभराने गेममध्ये कपडे विकायचं दुकान उघडलं. ज्यांनी परीक्षण आधीच लिहून टाकलं होतं त्यांच्या गुणांत हे दुकान कुठून येणार? म्हणून परीक्षण वाचताना आधी तारीख बघ, मग गुण.

आता टेक्केन ८ घ्यावा का. कोपऱ्यातल्या थ्रोला कंटाळून घेणार असशील तर तेवढ्यापुरता तुला तिथे आराम पडेल. तिथे खाली बसलं की बहुतेक उभे थ्रो डोक्यावरून जातात, आणि साधा थ्रो लागला तरी दोन्हींपैकी कुठलंही एक पंचचं बटण वेळेत दाबून सुटता येतं. बाजूला सरकताही येतं, कारण मैदानाला खोली आहे. हरल्यावर शिकवण्यातही तो मागे नाही: स्वतःचा रिप्ले बघता बघता मध्येच कंट्रोल हातात घेऊन 'इथे असं केलं असतं तर?' हे करून बघता येतं.

पण पहिला रकाना आठव. टेक्केनमध्ये एकेका कॅरेक्टरच्या मूव्ह शंभराच्या वर असतात आणि सुरुवातीलाच ३२ कॅरेक्टर होते. स्ट्रीट फायटर ६ मध्ये सुरुवातीला १८ होते आणि मूव्हही कितीतरी कमी. तुला कोपऱ्यात निदान कळतं की काय होतंय. तिथे सुरुवातीचे कित्येक महिने 'हे काय होतं?' एवढंच म्हणत बसशील, आणि भिंत तिथेही आहे. शिवाय गेमचा सगळा कल हल्ला करणाऱ्याच्या बाजूने आहे. 'हीट' (थोडा वेळ ताकद वाढवणारी अवस्था) चालू असताना तर ब्लॉक करूनही आयुष्य झिजतं. एप्रिल २०२५ मधल्या दुसऱ्या सीझनच्या बदलांनी हा कल इतका वाढवला की जुने खेळाडूच भडकले आणि कंपनीला घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. मार चुकवत, शांतपणे वाट बघत खेळायला आवडत असेल तर आत्ता तो तुझा गेम नाही. दोन्ही गेमचे डेमो आहेत. टेक्केनचा डेमो एखादी रात्र भावाशिवाय, एकटीने खेळून बघ. पैसे त्यानंतर.

तोवर एक काम. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला, म्हणजे समोरच्या सरावाच्या पात्राला, केन कर आणि स्वतः कोपऱ्यात जा. डमीचे दोन स्लॉट रेकॉर्ड कर. एकात थ्रो, दुसऱ्यात अर्धं पाऊल मागे आणि जोरदार लाथ. मग दोन्ही आलटून पालटून, गेमच्या मर्जीने येऊ देत. १५ मिनिटं नुसतं उठायचं. सुटायचं बटण दर वेळी दाबलंस तर किती मार बसतो, कधीच दाबलं नाहीस तर किती बसतो, ते बघ. थ्रो खाल्लेला परवडतो आणि लाथ परवडत नाही, हे आकड्यांनीच दिसेल. बरेच चांगले खेळाडू आयुष्य पुरेसं शिल्लक असताना कोपऱ्यात एखादा थ्रो मुकाट्याने खातात. तुझा भाऊ 'आता ही सुटायला जाणार' या हिशोबाने मागे सरकतो. तू काहीच केलं नाहीस तर त्याचीच लाथ हवेत जाईल, आणि तुझा नंबर येईल.

तो पहिल्यांदा असा फसला की फोनवर काय म्हणतो ते ऐकायला मला आवडेल. १० मॅचचा कागद भरला की तिसऱ्या रकान्यात काय काय आलं तेही कळव. थ्रो असणारच, त्याच्याखाली काय आहे ते मला बघायचंय.

— दादा